पुन्हा तीच जळजळ

माझ्या ओपीडीत बाई खुर्चीत बसायच्या आधी तिची पिशवी टेबलावर येते. साड्यांच्या दुकानाची जाड पिशवी. आत दोन-तीन सोनोग्राफ्या, अर्ध्या उरलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या, अल्कलायझर सिरपची चिकट बाटली आणि लघवीच्या तपासणीचे, घड्यांवर फाटत आलेले कागद. सोबतचा नवरा किंवा मुलगा सांगायला लागतो, "मॅडम, दर दोन-तीन महिन्यांनी हेच. कोर्स घेतला की थांबतं, महिना गेला की पुन्हा सुरू." बाई खाली बघत असते. सोबतच्याला बाहेर बसवलं की ती बोलायला लागते, आणि पिशवीतल्या एकाही कागदावर नसलेली हकिगत मग कळते.

मी नाशिकमध्ये यूरॉलॉजिस्ट आहे. या शाखेत बायका अजून फार थोड्या, त्यामुळे 'आतलं दुखणं' घेऊन येणाऱ्या बायका माझ्याकडे जरा जास्तच पाठवल्या जातात. मुतखडा आणि प्रोस्टेट हे आमचं रोजचं काम. खडा काढला की पेशंट हसत घरी जातो. मूत्रमार्गाचा संसर्ग पुन्हा पुन्हा होणाऱ्या बाईचं तसं नसतं. ती दमलेली असते. लग्नकार्याला जायचं तर रस्त्यात सोय आहे का, एसटी कुठे थांबेल, हे तिचं गणित आधी चालू होतं.

सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा संसर्ग झाला, तर त्याला आम्ही 'वारंवार होणारा' म्हणतो. निम्म्या स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो आणि त्यांतल्या साधारण चौथाई जणींना तो सहा महिन्यांच्या आत परत होतो. म्हणजे यात जगावेगळं काही नाही. तरी पिशवीतले कागद तारखेनुसार लावून वाचले की एक गोष्ट खटकते. प्रत्येक वेळी कोणी ना कोणी औषध बदललंय; संसर्ग परत का येतोय, हे कोणी विचारलेलं दिसत नाही.

पण त्याच्याही आधीचा प्रश्न असा, की हा संसर्गच आहे का?

आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात 'उन्हाळी लागली' म्हणून येणाऱ्या निम्म्याशिम्म्या बायकांच्या लघवीत जंतू सापडत नाहीत. मालेगाव, येवल्याकडच्या उन्हात दिवसभर घाम गाळून दोन पेले पाणी प्यायलं, तर लघवी घट्ट, गडद होते आणि जळजळते. तिला पाणीच लागतं. धने-जिऱ्याचं पाणी, वाळ्याचं पाणी, सब्जा, ताक यांनी तिथे बरं वाटतं ते खरंच बरं वाटतं; त्या निमित्ताने पाणी पोटात जातं. मात्र याच बाईला मेडिकलवाल्याने पाच गोळ्या काढून दिल्या आणि दुसऱ्या दिवशी आग थांबली, की श्रेय गोळ्यांना जातं आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याच गोळ्या मागितल्या जातात.

दुसरी फसगत मधुमेहाची. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधं साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. हृदयाला आणि किडनीला ती चांगली आहेत. डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट २०२० साली संपलं, एम्पाग्लिफ्लोझिनचं २०२५ च्या मार्चमध्ये, आणि दोन्ही एकदम स्वस्त झाली. लघवीत साखर आली की बाहेरच्या त्वचेवर बुरशी धरते, खाज सुटते, लघवी लागली की आग होते. ही आग बाहेरच्या कातडीची असते, मूत्राशयाची नसते. तिला अँटिबायोटिक दिलं तर बुरशीचं आणखी फावतं. "आग लघवी होताना आत होते, की झाल्यावर बाहेर लागते?" हा एक प्रश्न नीट विचारला तर पुष्कळदा निदान तिथेच होतं. बायकांना तो विचारायला लागतो, कारण त्या आपणहून इतकं फोड करून सांगत नाहीत.

तिसरी गोष्ट आपल्या देशात विसरून चालत नाही. लघवीत पस सेल भरपूर आहेत, पण कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, काहीच उगवत नाही, असं दोन-तीनदा झालं तर क्षयाची तपासणी करायची. मूत्रसंस्थेचा टीबी वर्षानुवर्षं 'यूटीआय' (मूत्रमार्गाचा संसर्ग) या नावाखाली लपून राहतो आणि सापडतो तेव्हा मूत्राशय आक्रसून लिंबाएवढं झालेलं असतं.

कल्चरबद्दल सविस्तर लिहितेय, कारण सगळा उपचार त्या कागदावर उभा राहतो आणि त्याची सुरुवात बऱ्याचदा बिघडलेल्या नमुन्याने होते. घरची जुनी बाटली धुऊन तिच्यात लघवी आणलेली मी पाहिली आहे. सुरगाण्याहून एसटीने येताना तीन तास उबेत राहिलेली बाटलीही पाहिली आहे. ई. कोलाय हा जंतू सोयीच्या उबेत वीस मिनिटांत दुप्पट होतो. तीन तासांत त्याचं काय होत असेल, याचा हिशेब शाळकरी मुलगाही करील. नमुना द्यायचा तो असा : साध्या पाण्याने जागा धुवायची, कसलंही औषध-साबण नको. सुरुवातीची धार संडासात जाऊ द्यायची, मग मधली धार लॅबने दिलेल्या निर्जंतुक बाटलीत धरायची, बाटलीच्या आत बोट लागू द्यायचं नाही, उरलेली पुन्हा संडासात. बाटली दोन तासांच्या आत लॅबमध्ये पोचली पाहिजे. तेवढं जमत नसेल तर फ्रीजमध्ये ठेवायची. आणि हे सगळं अँटिबायोटिकची पहिली गोळी पोटात जाण्याच्या आधी.

पुढचं काम लॅबमध्ये चालतं. तंत्रज्ञ एका बारीक तारेच्या कडीने, जिच्यात लिटरचा दहा लाखावा भाग मावतो, लघवी उचलते आणि मॅककॉन्की अगारच्या बशीवर रेघा ओढते. ३७ अंशांना रात्रभर ठेवलं की सकाळी बशीवर गुलाबी ठिपके उठतात. एक ठिपका म्हणजे मूळ एक जंतू. शंभर ठिपके दिसले, तर एका मिलिलिटरला एक लाख. बॉस्टनच्या एडवर्ड कास यांनी १९५६ मध्ये घालून दिलेली ही लाखाची रेषा अजून सगळ्या रिपोर्टांवर छापली जाते, पण ती देवाने आखलेली नाही. बाईला खरोखर त्रास होत असेल तर हजारालाही अर्थ असतो आणि काहीच त्रास नसेल तर लाखालाही नसतो. मग दुसऱ्या बशीवर जंतू पसरून त्यावर औषधांच्या कागदी चकत्या ठेवतात. ज्या चकतीभोवती स्वच्छ रिंगण पडतं ते औषध चालतं. रिंगणाचा व्यास पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजतात. सगळ्या चकत्यांच्या अगदी कडेपर्यंत जंतू उगवलेली बशी मी शिकाऊ डॉक्टरांना मुद्दाम दाखवते. व्याख्यानापेक्षा तिचा परिणाम जास्त होतो.

त्रास नसताना लाख, हा प्रकार दिवाळीच्या सुमारास वाढतो. सणाच्या सवलतीत मुलं आईवडिलांचं 'फुल बॉडी चेकअप' करून घेतात. सत्तरीच्या आजींच्या लघवीत जंतू निघतात. आजींना ना जळजळ, ना ताप. पण रिपोर्टवर लाल अक्षर आलं, म्हणून औषध सुरू होतं. म्हातारपणी असे जंतू अनेकींच्या मूत्राशयात सुखाने नांदत असतात. त्यांना हात लावू नये, हे जगभरच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. त्यांना मारायला गेलं तर निरुपद्रवी जातात आणि त्यांच्या जागी चिवट येतात. अपवाद दोनच लक्षात ठेवावेत : गरोदर बाई आणि मूत्रमार्गाच्या शस्त्रक्रियेआधीचा रुग्ण. गरोदरपणात असे जंतू तसेच सोडले तर किडनीपर्यंत संसर्ग चढू शकतो, म्हणून सुरुवातीच्या महिन्यांत एक कल्चर करायलाच हवं.

आता जंतू येतात कुठून? "बस स्टँडवरच्या संडासात गेले होते मॅडम, तिथनंच लागलं." हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय त्याची गणती नाही. जर्मन बालरोगतज्ज्ञ थिओडोर एशेरिश यांनी १८८५ साली बाळांच्या शीमध्ये पाहिलेला जंतू आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. साध्या मूत्रसंसर्गांपैकी तीनचतुर्थांशाहून अधिक याच ई. कोलायचे. तो आपल्याच आतड्यात राहतो. बाईची मूत्रनलिका जेमतेम चार सेंटिमीटरची, पुरुषाची वीसच्या आसपास. आणि बाईच्या बाबतीत गुद, योनी, मूत्रद्वार सगळं बोटा-दोन बोटांच्या अंतरात. आतड्यातला जंतू योनीच्या तोंडाशी येऊन ठाण मांडतो आणि तिथून वर चढतो. त्याच्या अंगावर केसांसारखे तंतू असतात, त्यांनी तो मूत्राशयाच्या अस्तराला चिकटतो, काही जंतू तर अस्तराच्या पेशींच्या आत शिरून दडून बसतात. म्हणून औषधाने लघवी स्वच्छ झाली तरी काही आठवड्यांनी तोच जंतू परतू शकतो. संडासाच्या भांड्यावरून उडी मारून तो येत नाही.

नवविवाहितांच्या बाबतीत हे स्पष्ट सांगणं फार गरजेचं असतं. शरीरसंबंधाच्या वेळी बाईचेच जंतू वर ढकलले जातात, म्हणून लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यांत त्रास वाढतो. हा गुप्तरोग नाही. नवऱ्याने आणलेला नाही आणि बायकोने माहेरून आणलेलाही नाही. सासूबाईंसमोर हे सांगण्याची वेळ माझ्यावर आली आहे आणि मी ते आवाज चढवून सांगितलं आहे. संबंधानंतर लघवीला जाऊन यावं. शुक्राणुनाशक गोळ्या वापरत असाल तर त्या बंद करून दुसरं साधन घ्यावं, कारण त्या योनीतले चांगले जंतू मारतात. डेटॉलचं पाणी, सुवासिक 'इंटिमेट वॉश' हे सगळं त्याच कारणासाठी टाकून द्यावं. धुताना हात पुढून मागे न्यावा. याचा पुरावा तसा जेमतेमच आहे, पण खर्चही नाही.

संडासाला घाबरण्याचं नुकसान मात्र मोठं आहे. घाण संडासात जायला नको म्हणून बाई पाणी पीत नाही. शाळेतली शिक्षिका, एसटीची वाहक, बंदोबस्तावरची पोलीस, कांद्याच्या खळ्यावर निवड करणारी मजूर, सिन्नरला विड्या वळत एका जागी बसून राहणारी बाई, या सगळ्यांचं उत्तर एकच असतं : "सकाळी चहा घेते, मग घरी गेल्यावर पाणी." लघवी रोखून धरल्याने संसर्ग होतोच, असा भक्कम पुरावा नाही. पाणी कमी पिण्याबद्दल मात्र आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, वारंवार संसर्ग होणाऱ्या आणि दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी द्रव घेणाऱ्या १४० स्त्रियांपैकी निम्म्यांना रोज आणखी दीड लिटर पाणी प्यायला सांगितलं. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला, बाकीच्यांना ३.२ वेळा. जवळजवळ निम्मा, तोही पाण्यावर. एखाद्या गोळीने एवढं केलं असतं तर तिच्या जाहिरातींनी मासिकांची मलपृष्ठं भरली असती.

पण "पाणी प्या" हे कागदावर लिहून देणं मला दिवसेंदिवस लाजिरवाणं वाटायला लागलंय. प्यायलेलं पाणी उतरवायला जागा कुठे आहे? हा प्रश्न महाराष्ट्रातल्या बायकांनी रीतसर विचारलेला आहे. २०११ पासून मुंबईत 'राइट टू पी' ही चळवळ चालली. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांना पैसे, हा तिचा पहिला सवाल होता. पुण्याच्या 'मिळून साऱ्याजणी' या मासिकाने मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका लढवली आणि डिसेंबर २०१५ मध्ये न्यायालयाने राज्यातल्या महापालिकांना रस्त्यांवर स्त्रियांसाठी स्वच्छ शौचालयं, विश्रांतीच्या जागा उभारण्याची जबाबदारी सांगितली. हा प्रश्न जगण्याच्या हक्काशी जोडला. एका मराठी मासिकाच्या नावाने हा निकाल ओळखला जातो, याचा मला मराठी वाचक म्हणून अभिमान वाटतो. डॉक्टर म्हणून विचाराल तर माझ्या ओपीडीतल्या बायकांचं उत्तर अजून बदललेलं नाही.

कारखान्यात निदान कायदा आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या १९ व्या कलमाने स्त्री-पुरुषांसाठी वेगळी शौचालयं सक्तीची केली, त्यामुळे सातपूर-अंबडच्या कामगार बाईला मागायला आधार असतो. शेतात तो नाही. आमच्या जिल्ह्यात गोडी बहार छाटणीपासून काढणीपर्यंत पेठ, सुरगाण्याच्या टोळ्या दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत उतरतात. फेलफुटी काढणं, डिपिंग, विरळणी, सगळं हात वर करून, दिवसभर. बायका पहाटे उठून जाऊन येतात ते थेट अंधार पडल्यावर. पुरुष बांधाआड जातात. यात एक गंमत आहे. युरोपात माल पाठवायचा तर ग्लोबलगॅपचं प्रमाणपत्र लागतं आणि त्यात काढणीच्या मजुरांसाठी जवळपास स्वच्छ शौचालय नि हात धुण्याची सोय ही अट असते, कारण हात मळलेले राहिले तर घड दूषित होईल. म्हणजे काही बागांत बाईला संडास मिळाला तो द्राक्षाच्या काळजीपोटी. मिळाला हे चांगलंच. ज्या बागेचा माल देशी बाजारात जातो, तिथल्या बाईचं काय, हा प्रश्न उरतोच.

पन्नाशीनंतरच्या बायकांची गोष्ट वेगळी आणि त्यांच्यासाठी सांगायला माझ्याकडे सगळ्यात चांगली बातमी आहे. पाळी जाते तसं इस्ट्रोजेन कमी होतं. योनीच्या अस्तरातली साखर घटते, त्या साखरेवर जगणारे लॅक्टोबॅसिलस जंतू निघून जातात, तिथली आम्लता संपते आणि आतड्यातले जंतू मोकळ्या जागेत वसतीला येतात. हे परत फिरवता येतं. इस्रायलचे राऊल रॅझ आणि अमेरिकेचे वॉल्टर स्टॅम यांनी १९९३ मध्ये ९३ स्त्रियांवर केलेल्या चाचणीत, योनीत एस्ट्रिऑल क्रीम लावणाऱ्यांना वर्षाला सरासरी ०.५ वेळा संसर्ग झाला, औषध नसलेलं क्रीम लावणाऱ्यांना ५.९ वेळा. तीस वर्षं उलटली; हा आकडा अजून आमच्याकडच्या पुष्कळ प्रिस्क्रिप्शनांपर्यंत पोचलेला नाही. पहिले दोन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा, एवढंच करायचं असतं. परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागतात आणि नेमकी तेवढ्यात बाई ते सोडून देते.

सोडण्याचं कारण बहुतेकदा क्रीमच्या खोक्यातला कागद. मुलगा तो वाचतो, 'हार्मोन', 'कॅन्सर' हे शब्द दिसतात आणि ट्यूब कपाटात जाते. हे इशारे पोटातून घ्यायच्या गोळ्यांच्या अभ्यासांवरून आलेले आहेत. योनीत लावलेल्या अल्प मात्रेतलं औषध रक्तात फारच थोडं उतरतं. स्तनाचा कॅन्सर होऊन गेलेल्या बाईने आपल्या कॅन्सरतज्ज्ञाला विचारून ठरवावं. बाकीच्यांनी घाबरण्यासारखं त्यात काही नाही. दुसरी अडचण संकोचाची. "या वयात तिथे औषध लावायचं?" सासष्ट वर्षांच्या एका निवृत्त मुख्याध्यापिकेने मला असं विचारलं होतं. मी म्हटलं, बाई, गुडघ्याला लावता ना, तसंच. पुढच्या भेटीला त्यांनी आपल्या दोन मैत्रिणींना आणलं.

इस्ट्रोजेन आटल्याची ही अवस्था पन्नाशीच्या आधी येते ती गर्भाशयाबरोबर अंडाशयंही काढलेल्या बायकांत. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी आली : ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. त्यांतल्या ज्यांची अंडाशयंही गेली, त्यांना तिशी-पस्तिशीतच म्हातारपणाची जळजळ सुरू होते आणि त्यांच्या फायलीत मात्र 'यूटीआय, अँटिबायोटिक' एवढंच लिहिलेलं असतं. अशी बाई समोर आली की मी ऑपरेशनचा कागद मागते. बहुतेकींकडे तो नसतो.

काही जणींच्या बाबतीत कारण नळात अडकलेलं असतं. लघवी करून झाल्यावर लगेच सोनोग्राफी केली तर किती उरली ते दिसतं. बरीच उरत असेल तर साचलेल्या पाण्यात जंतू वाढणारच. अंग बाहेर येतं, त्याबरोबर मूत्राशयही खाली ओघळतं आणि पुरतं रिकामं होत नाही. बाळंतपणानंतर लगेच डोक्यावर हंडे वाहिलेल्या आमच्या डोंगराळ तालुक्यांतल्या बायकांत हे खूप दिसतं, आणि त्या ते दहा-दहा वर्षं कोणाला सांगत नाहीत. जुन्या मधुमेहात मूत्राशयाच्या नसाच थकतात. किडनीत खडा असेल तर जंतू त्या खड्याच्या आत घर करतात. कितीही कोर्स घ्या, खडा निघेपर्यंत ते तिथेच. कुठेतरी खड्याच्या ऑपरेशनच्या वेळी घातलेला स्टेंट (आत ठेवलेली नळी) काढायचा राहून गेलेला, हेही दरवर्षी सापडतं. वाचकांपैकी कोणाच्या शरीरात असा स्टेंट असेल तर तो काढायची तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहावी. पुरुषाला किंवा लहान मुलाला एकदा जरी संसर्ग झाला, तरी कारण शोधावं; दुसऱ्या वेळेची वाट पाहू नये.

आणि मग गोळ्या. सेफिक्झिमसारखी तिसऱ्या पिढीची औषधं मार्च २०१४ पासून 'शेड्यूल एच-१'मध्ये आहेत. चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत आणि दुकानदाराने प्रत्येक विक्रीची नोंद वहीत ठेवायची असते. ज्या शहरात राज्याच्या आरोग्य विद्यापीठाचं मुख्यालय आहे, त्या शहरात ही वही कुठे कुठे भरली जाते, ते वाचकांनी आपल्या गल्लीत जाऊन पाहावं. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचे मोठ्या रुग्णालयांतले अहवाल वर्षानुवर्षं सांगताहेत की सिप्रोफ्लॉक्सासिन आणि तिसऱ्या पिढीची सेफॅलोस्पोरिन्स निम्म्याहून अधिक ई. कोलायवर चालत नाहीत. चालतात ती जुनी औषधं. १९५३ पासून वापरात असलेलं नायट्रोफ्युरँटॉइन, पाच दिवस, जेवणानंतर. आणि फॉस्फोमायसिनची तीन ग्रॅमची एकच पुडी. मूत्राशयाच्या साध्या संसर्गाला एवढं बहुधा पुरतं. किडनीचं काम मंदावलेलं असेल तर नायट्रोफ्युरँटॉइन नको. त्याच्याबरोबर अल्कलायझर सिरप ढोसू नये; लघवी अल्कली झाली की हे औषध कमी चालतं. सिरपने आग थोडी निवते, जंतू मरत नाहीत.

संसर्ग टाळण्यासाठीच्या औषधांविषयी थोडक्यात. क्रॅनबेरीच्या ५० चाचण्या एकत्र करून २०२३ मध्ये निघालेला निष्कर्ष असा, की वारंवार त्रास होणाऱ्या स्त्रियांत धोका साधारण चौथाईने घटतो. परवडत असेल तर घ्या, पण साखरेचं सरबत नको. डी-मॅनोजची पुडी २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या ५९८ स्त्रियांवर तपासली गेली आणि तिचा उपयोग दिसला नाही. आपल्याकडे ती अजून झोकात लिहिली जाते. मेथेनामाइन हे जुनं, लघवीला जंतुनाशक बनवणारं औषध २०२२ च्या २४० स्त्रियांच्या ब्रिटिश चाचणीत रोजच्या अँटिबायोटिकच्या तोडीला उतरलं आणि ते अँटिबायोटिक नाही, म्हणून मला ते आवडतं. अँटिबायोटिकची छोटी मात्रा सहा महिने देणं, किंवा संबंधानंतरच त्रास होत असेल तर त्या वेळी एकच गोळी, हे उपाय आहेत, चालतात, पण माझ्या यादीत ते शेवटी येतात. गोळी थांबली की पुष्कळ जणींचा त्रास पूर्वपदावर येतो, कारण मूळ कारण तसंच असतं.

थंडी वाजून ताप, कुशीत दुखणं, उलट्या, यांतलं काही असेल तर या लेखातलं काहीही करत बसू नका. संसर्ग किडनीत गेलाय; त्याच दिवशी रुग्णालय गाठा. मधुमेही असाल तर त्याच तासाला.

बाकीच्यांनी घरी एक वही ठेवावी : त्रास कधी सुरू झाला, कल्चर केलं का, कोणता जंतू, कोणतं औषध, किती दिवस. दिवसाला किती पाणी प्यायलं तेही आठवडाभर लिहून पाहावं. लघवी फिकट पिवळी राहील एवढं पाणी पुरे. हृदयाचा किंवा किडनीचा विकार असलेल्यांनी मात्र मात्रा डॉक्टरांना विचारून ठरवावी. डॉक्टर बदललात तरी वही बदलू नका.

जिल्ह्यात छाटण्या चालू होतात तेव्हा टोळ्यांशी मजुरीची बोलणी होतात. बागायतदार वाचकांना माझी विनंती आहे. एकरी दर ठरवताना बागेच्या कडेला बायकांसाठी दार आणि कडी असलेला एक संडास, हात धुवायला पाणी आणि प्यायला पाण्याचा एक भरलेला ड्रम, एवढं त्याच बोलण्यात ठरवा. हंगामभराच्या औषधफवारणीपेक्षा त्याला जास्त खर्च येत नाही.